स्वतंत्र ऑनलाइन गेममध्ये पैसे घालण्यापूर्वी काय तपासावे

पुणे, मुंबई आणि बंगळुरू येथे चार-सहा जणांचे छोटे गेम स्टुडिओ आता ठिकठिकाणी काम करत आहेत, आणि भाच्याच्या, मित्राच्या किंवा जुन्या सहकाऱ्याच्या अशा स्टुडिओत काही लाख रुपये घालण्याची विचारणा नोकरदार माणसालाही होऊ लागली आहे. ज्याच्याकडे थोडी बचत आहे आणि गेमविषयी आस्था आहे, परंतु ज्याला स्टुडिओचे हिशेब वाचण्याची सवय नाही, अशा वाचकासाठी हे लिहीत आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगतो: एकट्याने खेळायच्या गेमला जी कसोटी लावाल, तिच्यापेक्षा बरीच कडक कसोटी ऑनलाइन गेमला लावावी. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ २०२० मध्ये प्रकाशित झाला. तो विकत घेणाऱ्याला, दुसरे कोणी खेळत असो वा नसो, आजही शेवटपर्यंत खेळता येतो. ऑनलाइन गेम मात्र खानावळीसारखा असतो: आज किती पाने उठतील याची खात्री नसली तरी चूल पेटवावीच लागते. म्हणून ‘गेम पूर्ण होईल का’ हा प्रश्न अर्धाच आहे. पूर्ण झाल्यावर तो चालू ठेवण्याइतके लोक आणि तेवढा पैसा असेल का, हा उरलेला अर्धा प्रश्न बहुतेक सादरीकरणांत गाळलेला असतो, आणि पैसे बुडतात ते बहुधा तिथेच.

पैसे कोणत्या नात्याने देत आहात

गेमसाठी पैसे देण्याचे तीन प्रकार आहेत आणि त्यांची सरमिसळ होऊ देऊ नये. पहिला प्रकार पाठिंब्याचा. किकस्टार्टरसारख्या लोकवर्गणीच्या मंचावर ठरवलेली रक्कम मुदतीत जमली नाही तर कोणाचेच पैसे कापले जात नाहीत. ती जमली, तर पैसे देणाऱ्याला गेमची प्रत, नावाचा उल्लेख किंवा एखादी भेट मिळते, मालकी मिळत नाही. दुसरा प्रकार आगाऊ खरेदीचा. संगणकावरील गेम विकणाऱ्या स्टीम या ऑनलाइन दुकानाने मार्च २०१३ मध्ये ‘अर्ली ॲक्सेस’ सुरू केले, तेव्हापासून अपूर्ण गेम उघडपणे विकता येतो. तो न आवडल्यास खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असल्यास पैसे परत मागता येतात. तिसरा प्रकार खऱ्या गुंतवणुकीचा, म्हणजे कंपनीचे शेअर किंवा गेमच्या उत्पन्नात लेखी कराराने मिळालेला वाटा.

हा फरक किती मोठा आहे हे ‘स्टार सिटिझन’ या गेमवरून स्पष्ट दिसते. २०१२ मध्ये लोकवर्गणीतून सुरू झालेल्या या गेमसाठी खेळाडूंनी आजवर सत्तर कोटी डॉलरहून अधिक रक्कम दिली आहे. २०१४ च्या सुमारास अपेक्षित असलेल्या त्या गेमची पूर्ण आवृत्ती दहा वर्षांनंतरही आलेली नव्हती. त्याच कंपनीत २०१८ मध्ये एका बाहेरच्या गुंतवणूकदार कुटुंबाने ४ कोटी ६० लाख डॉलर घातले आणि त्या बदल्यात सुमारे दहा टक्के हिस्सा घेतला. खेळाडूंनी त्याच्या कितीतरी पट रक्कम दिली होती, तरी त्यांच्या वाट्याला एकही शेअर आला नाही. कारण शेअर मिळतील असे कोणी त्यांना कधी सांगितलेच नव्हते. पाठिंबा देणे गैर नाही, मीही ते आनंदाने करावे असे म्हणेन. मात्र ती रक्कम नाटकाच्या तिकिटाच्या खात्यात लिहावी, गुंतवणुकीच्या खात्यात नव्हे. पुढचे सर्व विवेचन तिसऱ्या प्रकाराविषयी आहे.

कायद्याची चौकट आधी पाहावी

गेम कितीही सुंदर असला तरी व्यवहाराची रीतच बेकायदेशीर असेल तर पुढे वाचण्याची गरज नाही, म्हणून ही तपासणी पहिली करावी. सर्वसामान्य लोकांकडून संकेतस्थळामार्फत थोडेथोडे भांडवल जमवून त्यांना शेअर देण्याची पद्धत अमेरिकेत २०१६ पासून नियमांच्या चौकटीत चालते. भारतात तिला परवानगी नाही. भांडवल बाजाराची नियामक संस्था सेबी हिने २०१४ मध्ये या विषयावर चर्चापत्र काढले होते, पण त्यातून नियमावली आली नाही. उलट २०१६ मध्ये अशा अनधिकृत मंचांविषयी गुंतवणूकदारांना सावध करण्यात आले. छोट्या स्टुडिओसाठी नेहमीचा कायदेशीर मार्ग म्हणजे खासगी मर्यादित कंपनीने कंपनी कायदा २०१३ च्या कलम ४२ नुसार निवडक व्यक्तींना शेअर देणे. त्यात एका आर्थिक वर्षात दोनशेपेक्षा अधिक व्यक्तींना प्रस्ताव देता येत नाही, जाहिरात करता येत नाही, प्रस्तावपत्र तुमच्या नावाने यावे लागते आणि रक्कम बँकेमार्फतच द्यावी लागते. पैसे मिळाल्यापासून साठ दिवसांत शेअरवाटप झाले नाही, तर पुढील पंधरा दिवसांत रक्कम परत करावी लागते, आणि तसे न केल्यास साठावा दिवस संपल्यापासून तिच्यावर वार्षिक बारा टक्के व्याज लागू होते. शेअरवाटपाचे विवरण कंपनी निबंधकाकडे दाखल होईपर्यंत कंपनीला ते पैसे वापरताही येत नाहीत. ज्याला हे नियम ठाऊकच नाहीत असा संस्थापक अप्रामाणिक असेलच असे नाही, परंतु त्याने सनदी लेखापाल गाठल्याखेरीज तुम्ही धनादेश लिहू नये.

स्टुडिओ कंपनी नसून साधी भागीदारी संस्था असेल तर अधिक जपावे लागते. तिथे भागीदार म्हणून सही केली की संस्थेच्या देण्यांची जबाबदारी तुमच्या घरादारापर्यंत पोहोचू शकते. ‘शेअर नंतर देऊ, आत्ता नोट घ्या’ असे सांगितले जात असेल, तर मान्यताप्राप्त स्टार्टअपची परिवर्तनीय नोट, म्हणजे पुढे शेअरमध्ये बदलता येणारे कर्ज, ठेवींच्या नियमांतून वगळली जाते ती एका व्यक्तीने एकाच हप्त्यात किमान पंचवीस लाख रुपये दिले असतील तरच, हे लक्षात ठेवावे. तीन लाखांची ‘नोट’ कायद्याच्या नजरेत बहुधा ठेवच ठरेल. आणि दरमहा ठरावीक टक्के परताव्याचे आश्वासन कानावर पडले, तर संभाषण तिथेच थांबवावे. कोणत्याही गेमचे उत्पन्न तसे ठरावीक नसते, आणि अशा योजनांसाठी केंद्राचा अनियमित ठेव योजना बंदी कायदा २०१९ तसेच महाराष्ट्राचा ठेवीदार हितसंरक्षण कायदा १९९९ अस्तित्वात आहेत.

गेम कोणत्या प्रकारचा आहे हेही कायद्याच्या दृष्टीने पाहावे लागते. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून पैसे जिंकण्याच्या ऑनलाइन खेळांवर, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, बंदी घातली. ई-स्पोर्ट्स आणि करमणुकीच्या सामाजिक खेळांना मात्र प्रोत्साहनाची भूमिका घेतली. प्रवेशासाठी किंवा वर्गणी म्हणून पैसे घेणे वेगळे आणि डावावर पैसे लावणे वेगळे. त्यामुळे गेममधील नाणी, हत्यारे किंवा पेट्या विकून खऱ्या रकमेत बदलता येतात का, हा प्रश्न लेखी विचारावा. शेअरऐवजी क्रिप्टो टोकन देऊ करणाऱ्या स्टुडिओपासून मी स्पष्टपणे दूर राहण्यास सांगेन. ‘ॲक्सी इन्फिनिटी’ हा क्रिप्टो नाण्यांवर चालणारा, २०२१ मध्ये लोकांनी डोक्यावर घेतलेला गेम. २०२२ मध्ये त्याच्या नाण्यांचे भाव कोसळले आणि त्याच वर्षी मार्चमध्ये त्याच्या क्रिप्टो व्यवहारांच्या जाळ्यातून साठ कोटी डॉलरच्या आसपास रक्कम चोरीस गेली. शिवाय आपल्याकडे अशा मालमत्तेच्या नफ्यावर तीस टक्के कर लागतो आणि तोटा दुसऱ्या कशातूनही वजा करता येत नाही.

गेम खेळावा, आणि अडनिड्या वेळी खेळावा

झलक दाखवणारी चित्रफीत पाहून निर्णय घेऊ नये. ‘द डे बिफोर’ या गेमच्या चित्रफितींनी लाखो खेळाडूंना आशा लावली होती. तो ७ डिसेंबर २०२३ रोजी विक्रीस आला, अवघ्या चार दिवसांत स्टुडिओने दुकान बंद केल्याचे जाहीर केले आणि जानेवारी २०२४ मध्ये सर्व्हरही बंद झाले. खेळता येणारी आवृत्ती मागावी आणि ती संस्थापकाच्या लॅपटॉपवर, त्याच्या शेजारी बसून खेळू नये. स्वतःच्या घरी, स्वतःच्या नेटवर, मंगळवारी दुपारी आणि शनिवारी रात्री खेळावी. शनिवारी रात्री कोणताही गेम जिवंत वाटतो. मंगळवारी दुपारी सामना मिळायला किती वेळ लागतो, समोर खरी माणसे असतात की यंत्रचलित खेळाडू, जोडणी तुटल्यास पुन्हा आत येता येते का, आणि फसवणूक करणारा खेळाडू दिसल्यास तक्रारीचे पुढे काय होते, हे त्या वेळी कळते.

इथे एक हिशेब कागदावर मांडून पाहावा, कारण माझ्या मते संपूर्ण निर्णयात याच्याइतका उपयोगी हिशेब दुसरा नाही. समजा, गेममध्ये पाच विरुद्ध पाच असे सामने आहेत आणि एक सामना वीस मिनिटांचा आहे. खेळाडूला एका मिनिटाच्या आत सामना मिळावा असे वाटत असेल, तर दर मिनिटाला एक नवा सामना सुरू व्हायला हवा, म्हणजे कोणत्याही क्षणी वीस सामने चालू असायला हवेत. म्हणजे दोनशे खेळाडू एकाच वेळी हजर हवेत. खेळाचे तीन प्रकार ठेवले असतील तर सहाशे. भारतासाठी मुंबईत आणि आग्नेय आशियासाठी सिंगापुरात वेगळे सर्व्हर असतील तर बाराशे. नवशिक्या आणि मुरलेल्या खेळाडूंना वेगळे करायचे म्हटले की आकडा पुन्हा दुप्पट होतो, आणि हे सर्व दुपारच्या मंद वेळेसाठी आहे. संस्थापकाला हाच हिशेब त्याच्या गेमसाठी करायला सांगावा. ज्याने तो आधीच केलेला असतो, त्याच्या आराखड्यात खेळाचा एकच प्रकार असतो, रिकाम्या जागा भरणारे यंत्रचलित खेळाडू असतात, किंवा चार मित्रांनी आपापसात खेळण्याची सोय असते. ज्याने केलेला नसतो, त्याच्या आराखड्यात नऊ प्रकार असतात.

मित्रांनी आपापसात खेळण्याच्या सोयीला मी फार महत्त्व देतो. स्वीडनमधील आयर्न गेट या पाच जणांच्या स्टुडिओने फेब्रुवारी २०२१ मध्ये ‘वॅल्हाइम’ विक्रीस आणला. त्यात दहापर्यंत खेळाडू एकत्र खेळतात आणि सर्व्हर खेळाडू स्वतः चालवू शकतात. महिन्याभरातच पन्नास लाख प्रती खपल्या, पण त्या खपल्या नसत्या तरी हजारो रिकाम्या सर्व्हरचे बिल त्या पाच जणांच्या डोक्यावर बसले नसते. गर्दी जमली नाही तरीही गेम खेळण्याजोगा राहतो का, हे पाहणे म्हणूनच महत्त्वाचे.

परत येणारे खेळाडू मोजावेत

डाउनलोड, पूर्वनोंदणी, इच्छायादी आणि डिस्कॉर्ड या गप्पांच्या मंचावरील सदस्यसंख्या हे आकडे उत्सुकता दाखवतात, सवय दाखवत नाहीत. तुम्हाला हवा आहे तो तक्ता वेगळाच आहे: अमुक आठवड्यात प्रथमच आलेल्या शंभर जणांपैकी दुसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी आणि तिसाव्या दिवशी किती जण परत आले. मोबाइल गेमच्या व्यवसायात चाळीस, वीस आणि दहा टक्के हा ठोकताळा अनेक वर्षे सांगितला जातो. तो कठीण आहे आणि पुष्कळ गेम त्याच्या बरेच खाली राहतात, तरी तुलनेसाठी उपयोगी आहे. एका आठवड्याचा तक्ता पुरेसा नाही. लागोपाठच्या सात-आठ आठवड्यांचे तक्ते शेजारी ठेवून पाहावेत. तिसाव्या दिवसाचा आकडा लहान असला, पण प्रत्येक सुधारणेनंतर वर सरकत असला, तर मी त्या चमूकडे आदराने पाहीन. आकडे जाहिरातीच्या दिवसांत फुगत आणि नंतर खाली बसत असतील, तर जाहिरातीचा खर्च थांबल्यावर काय उरते हे विचारावे. गेम स्टीमवर असेल तर एकाच वेळी किती जण खेळत आहेत हा आकडा कोणालाही पाहता येतो. संस्थापकाने सांगितलेल्या आकड्याशी तो ताडून पाहावा.

पैसा किती महिने पुरेल

एका प्रतीच्या किमतीपैकी स्टुडिओच्या हाती किती पडते, इथून सुरुवात करावी. उदाहरणादाखल सहाशे रुपयांची प्रत घेऊ. त्यातील अठरा टक्के वस्तू व सेवा कर वजा केल्यावर सुमारे ५०८ रुपये उरतात. स्टीमचा वाटा सुरुवातीच्या विक्रीवर तीस टक्के असतो. तो गेल्यावर ३५६ रुपये उरतात. परत केलेल्या प्रती, सवलतीच्या दिवसांतील निम्म्या किमतीची विक्री आणि प्रकाशक असल्यास त्याचा हिस्सा अजून बाजूलाच आहे. गेम बनवायला दीड कोटी लागले असतील, तर नुसता तो खर्च भरून निघायला पूर्ण किमतीच्या सुमारे ४२ हजार प्रती खपाव्या लागतील, आणि तोपर्यंतचे पगार व सर्व्हर यांचा खर्च वेगळा. मोफत गेममध्ये हिशेब याहून नाजूक असतो, कारण बहुसंख्य खेळाडू कधीच एक रुपयाही खर्च करत नाहीत, पण सर्व्हरवर जागा मात्र सर्वच घेतात.

त्यानंतर दरमहा होणारा खर्च विचारावा आणि बँकेतील शिल्लक त्याने भागावी. प्रकाशनाच्या दिवशी शून्य शिल्लक राहील असा आराखडा असेल तर ऑनलाइन गेमसाठी तो आराखडाच अपुरा आहे. ‘क्रोफॉल’ या गेमने २०१५ मध्ये किकस्टार्टरवर सतरा लाख डॉलरहून अधिक जमवले, पुढे गुंतवणूकही मिळवली, आणि जुलै २०२१ मध्ये तो खरोखर प्रकाशित केला. दिलेला शब्द पाळला होता. तरीही पुरेसे खेळाडू टिकले नाहीत आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्व्हर बंद झाले. ‘क्रॉनिकल्स ऑफ इलीरिया’ तर तिथपर्यंतही पोहोचला नाही. त्याच्या पाठीराख्यांनी अजून तयारच न झालेल्या जगातील जमिनी आणि सरदारक्या विकत घेतल्या होत्या, एकूण रक्कम सत्तर लाख डॉलरच्या वर गेली होती, आणि मार्च २०२० मध्ये पैसे संपल्याचे सांगून कर्मचाऱ्यांना निरोप देण्यात आला. उलट ‘अमंग अस’ जून २०१८ मध्ये आला तेव्हा त्याच्याकडे फारसे कोणी फिरकले नव्हते. परंतु चमू तीन जणांचा होता, खर्च अत्यल्प होता, त्यामुळे ते सुधारणा करत राहू शकले आणि २०२० मध्ये तो जगभर खेळला जाऊ लागला. असे भाग्य येईलच असे गृहीत धरून पैसे घालू नयेत. मात्र कमी खर्चाचा चमू जास्त काळ तग धरतो, आणि ऑनलाइन गेमला खेळाडू जमवायला काळच लागतो, एवढे त्यातून निश्चित घ्यावे. याच कारणाने पहिल्याच गेममध्ये हजारो खेळाडूंचे अखंड विश्व उभारू पाहणाऱ्या छोट्या चमूला मी सहसा नकार देण्यास सुचवेन, त्यांची चित्रे कितीही देखणी असोत.

माणसे, हक्क आणि करार

चमूने याआधी काही पूर्ण करून लोकांपुढे ठेवले आहे का, ही चौकशी थोडक्यात होते: छोटा, अगदी मोफतचा गेमही चालेल, पण तो पूर्ण झालेला हवा. सर्व्हरची बाजू सांभाळणारी व्यक्ती चमूत आहे की बाहेरून भाड्याने घेतली आहे, आणि ती उद्या सोडून गेली तर काय, हेही विचारावे. कंपनीची वार्षिक विवरणे वेळेवर दाखल झाली आहेत का, तिच्यावर कर्जाचा बोजा आहे का, हे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर पाहता येते.

हक्कांच्या बाबतीत मात्र सावकाश जावे, कारण इथली चूक गेम यशस्वी झाल्यावरच उघडी पडते. पगारी कर्मचाऱ्याने नोकरीच्या कामात केलेल्या निर्मितीचा हक्क, वेगळा करार नसल्यास, मालकाकडे जातो. परंतु बाहेरच्या चित्रकाराकडून किंवा संगीतकाराकडून करून घेतलेल्या कामाचा हक्क लेखी हस्तांतरणाशिवाय मिळाला असे समजू नये. त्यातही आपल्या कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १९ नुसार, हस्तांतरणपत्रात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरताच धरला जातो. जगभर विकायचा आणि दहा वर्षे चालवायचा गेम अशा कागदावर उभा असेल, तर आधी ती पत्रे नव्याने करून घ्यायला सांगावे. गेमच्या सोर्स कोडचा साठा, स्टीम आणि गूगल प्लेवरील खाती व संकेतस्थळाचे नाव हे सारे कंपनीच्या नावावर हवे, एखाद्या संस्थापकाच्या वैयक्तिक ईमेलवर नको.

उत्पन्नात वाटा घेत असाल, तर ‘उत्पन्न’ म्हणजे काय याची व्याख्या करारात सविस्तर असावी: मंचाचा वाटा, कर आणि परतावे वजा केल्यानंतरची रक्कम हे वाजवी आहे, परंतु सर्व्हर, पगार, जाहिरात आणि ‘इतर खर्च’ वजा केल्यानंतरची रक्कम असे लिहिले असेल, तर तुमच्या वाट्याला काही उरणार नाही असे धरून चालावे. वाटा याच गेमवर आहे की त्याच्या पुढील भागावर आणि मोबाइल आवृत्तीवरही, हे लिहून घ्यावे. शेअर घेत असाल, तर पुढील गुंतवणूकदार आल्यावर तुमचा हिस्सा किती पातळ होईल आणि ते शेअर कधी व कोणाला विकता येतील, हे विचारावे. खासगी कंपनीचे शेअर बाजारात जाऊन विकता येत नाहीत. ते चोवीस महिन्यांपेक्षा अधिक काळ ठेवून विकल्यास दीर्घकालीन भांडवली नफ्यावर साडेबारा टक्के कर लागतो, तर उत्पन्नातील वाटा तुमच्या नेहमीच्या उत्पन्नात मिळवला जातो.

गेम बंद करावा लागला तर काय, हेही करारात असावे. मार्च २०२४ मध्ये ‘द क्रू’ या गेमचे सर्व्हर बंद झाले आणि विकत घेतलेला गेम खेळाडूंना उघडताही येईना. त्यातून विकलेले गेम खेळण्याजोगे ठेवावेत या मागणीसाठी युरोपात उभ्या राहिलेल्या मोहिमेला २०२५ मध्ये दहा लाखांहून अधिक सह्या मिळाल्या. बंद करताना खेळाडूंना स्वतःचा सर्व्हर चालवण्याची सोय देण्याचा विचार ज्या स्टुडिओने आधीच केला आहे, त्याच्यावर खेळाडूंचा विश्वास बसणे सोपे जाते, आणि माझ्या दृष्टीने खेळाडूंशी सचोटीने वागण्याची ही साधी अपेक्षा आहे.

रक्कम आणि हप्ते

सगळे तपासून मन अनुकूल झाले, तरी पूर्ण गेलेली चालेल एवढीच रक्कम द्यावी. मुलांच्या शिक्षणासाठी किंवा घराच्या हप्त्यासाठी बाजूला ठेवलेला पैसा याला लावू नये, आणि कर्ज काढून तर मुळीच नाही. ती रक्कमही शक्यतो दोन-तीन टप्प्यांत द्यावी आणि प्रत्येक टप्प्याला मोजता येणारी अट जोडावी: शंभर अनोळखी खेळाडूंसह दोन आठवड्यांची चाचणी, तिसाव्या दिवशीचा ठरलेला आकडा, एका वेळी ठरावीक खेळाडूंचा भार सर्व्हरने पेलणे. ‘ग्राफिक्स पूर्ण करणे’ ही अट म्हणून लिहू नये, कारण ते पूर्ण झाले की नाही यावर कधीच एकमत होत नाही. नातेवाइकाशी व्यवहार असेल तर हे सारे कागदावर मागायला संकोच वाटतो. तरीही मागावेच, आणि शक्य असल्यास दोन्ही बाजूंचा वकील वेगळा ठेवावा. पैसे दिल्यानंतर दरमहा एका पानाचा अहवाल ठरवून घ्यावा: बँकेतील शिल्लक, त्या महिन्याचा खर्च आणि परत येणाऱ्या खेळाडूंचा तक्ता. तो अहवाल लागोपाठ दोन महिने आला नाही, तर पुढचा हप्ता रोखण्याचा अधिकार पहिल्याच करारात लिहून घ्यावा.